आमच्या टेलरमामांना, मनापासून

टेलरमामा, नमस्कार.

हे तुमच्यासमोर उभं राहून सांगायला दोनदा आले होते. दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि मी तोंड उघडलं की तुम्ही "असू द्या वो ताई" म्हणून विषय बदललात. म्हणून लिहितेय, आणि सगळ्यांनी वाचावं असं लिहितेय.

लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला बावीस वर्षं झाली. शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलचा आवाज आमच्या गॅलरीत येतो. कपडे वाळत घालताना गोल झालेला कळतो, सामना सुटल्यावर गाड्यांचे हॉर्न ऐकू येतात. वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत ब्राझील नाहीतर अर्जेंटिना, मधलं काही नाही. ह्या सगळ्याच्या शेजारी मी राहिले, पण आत कधी गेले नाही. टीव्हीवर सामना लागला तर माणसं नुसती इकडून तिकडं पळताना दिसायची. पाच मिनिटांत चॅनेल बदलायचे.

2022 च्या वर्ल्ड कपात, 22 नोव्हेंबरला, मंगळवारी दुपारी, पुतणीच्या लग्नाचा निळा ब्लाउज न्यायला आले. हुक लावायचे राहिले होते, म्हणून तुम्ही बसायला स्टूल दिलंत. मशीनला टेकवून ठेवलेल्या मोबाइलवर अर्जेंटिना आणि सौदी अरेबियाचा सामना चालू होता. अर्जेंटिना 36 सामने हरलेली नव्हती. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर पहिल्या हाफमध्येच आणखी तीनदा बॉल जाळ्यात गेला आणि तिन्ही वेळा पंचांनी गोल नाही म्हटलं. मी विचारलं, "हे असं का?"

तुम्ही हातातला ब्लाउज बाजूला ठेवलात. कटिंगच्या टेबलावर बटणांचा डबा पालथा केलात. पांढरी बटणं अर्जेंटिनाची, हिरवी सौदीची. गळ्यातला टेप काढून शेवटच्या हिरव्या बटणापाशी आडवा घातलात आणि एक पांढरं बटण बोटानं पुढं सरकवलंत. "पास निघताना ह्यो टेपच्या पलीकडं असला की ऑफसाइड, संपलं. गोलकीपर धरून निदान दोन माणसं पुढं पायजेत." मग सगळी हिरवी बटणं टेपासकट वर ढकललीत. "आता बघा सौदीवाले काय करायलेत. लाइन पार मैदानाच्या मध्याकडं आणलीय. अंगावर येतंय हे, पण जमलं तर समोरचे फसत्यात."

जमलंच. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीला पाच मिनिटांत दोन गोल मारून सौदी 2-1 नं जिंकली. तो ब्लाउज मी दुसऱ्या दिवशी नेला.

निघताना तुम्ही एक वाक्य बोललात, त्याच्यासाठी खरं हे पत्र आहे. "ताई, बॉलकडं बघू नगा. ज्याच्याकडं बॉल न्हाई त्याच्याकडं बघा."

घरी करून बघितलं. पहिले काही दिवस डोळा आपोआप बॉलमागंच जायचा. मग हळूहळू दिसायला लागलं: एकजण उगाच पळतो, त्याच्यामागं एक बचाववाला ओढला जातो, आणि त्या रिकाम्या जागेत तिसराच येऊन उभा राहतो. मोरोक्कोनं पोर्तुगालला 1-0 नं घालवलं, आफ्रिकेतला पहिला देश सेमीफायनलला गेला, त्या दिवशी मी सगळा वेळ त्यांच्या बचावाच्या रांगेकडंच बघत होते. कोण पुढं सरकला की कोण मागं येतो, हे बघण्यात इतका आनंद असतो हे मला पन्नाशीत कळलं.

मामा, तुम्ही ब्राझीलचे. 9 डिसेंबरच्या रात्री नेमारचा गोल झाला तेव्हा मला वाटलं, आता तुम्ही दुकानासमोर फटाके लावणार. 117व्या मिनिटाला क्रोएशियानं बरोबरी केली आणि पेनल्टीवर सगळं गेलं. सकाळी फॉल-पिकोची साडी घेऊन आले तर पिवळी पताका जागेवरच होती. तुमचे डोळे लाल होते. काय बोलावं कळेना. तुम्हीच बटणं काढलीत आणि दाखवलंत, एका गोलनं पुढं असताना किती माणसं वर गेली होती आणि मागं जागा कशी उघडी पडली. इतकं दुखत असताना मला नीट समजावं म्हणून तुम्ही ते सगळं परत टेबलावर मांडलंत. असं शिकवणारा माणूस मला शाळेतही क्वचित भेटला.

आणि 18 तारखेची अर्जेंटिना-फ्रान्स फायनल. छत्तिसावं मिनिट. मेस्सीनं हलकेच बॉल पुढं दिला, अल्वारेझनं तो मॅक ॲलिस्टरला सोडला, आणि मी तेव्हा डावीकडं बघत होते. तिथं डी मारिया एकटाच पळत येत होता. कुणाचं लक्ष नव्हतं. मी ओरडले, "तो बघा, तो मोकळा आहे!" आमचे हे दचकले. मग बॉल त्याच्याकडं आला आणि गोल झाला. बॉल पोचायच्या आधी मला गोल दिसला होता, मामा! पुढं फ्रान्सच्या एम्बाप्पेनं दोन मिनिटांच्या आत दोन गोल फेडले, जादा वेळेत 3-3 झालं, शेवटच्या क्षणी अर्जेंटिनाच्या गोलकीपर मार्टिनेझनं पाय घालून फ्रान्सचा गोल अडवला, पेनल्टीवर अर्जेंटिना 4-2 नं जिंकली. सगळं श्वास रोखून बघितलं. पण माझ्यापुरती फायनल त्या छत्तिसाव्या मिनिटात आहे.

बावीस वर्षं माझ्या गॅलरीत नुसता आवाज येत होता. आता त्या आवाजाच्या आत काय चाललेलं असतं ते बघायची मला ओढ लागलीय. ती तुमच्यामुळं लागली. मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. शाहू स्टेडियमवर ह्या मोसमात एखादा सामना बघायला आम्ही दोघं येणार आहोत. बॉल नसलेली माणसं नीट दिसावीत तर कुठं बसायचं?

तुमची,
निळ्या ब्लाउजवाली ताई