चलन एक, तिजोऱ्या अनेक

महोदय,

युरोपीय महासंघावरचा आपल्या अंकातील लेख वाचला. ज्या देशाने स्वतःचे चलन सोडले त्याने सार्वभौमत्वच विकले, असा त्याचा सूर आहे. माझी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात झाली. १९९८ च्या अखेरीस एक युरो म्हणजे १.९५५८३ जर्मन मार्क असा दर कायमचा ठरला, तो मला अजून पाठ आहे. (घरच्यांचे मोबाइल क्रमांक मात्र नाहीत.) चलन हातात असले की कारभारही हातात असतो, हे मला तरी त्या नोकरीत कधी दिसले नाही.

युरोच्या आधीचा युरोप आठवा. पूर्व आणि पश्चिम जर्मनी एक झाल्यावर तिथे महागाई वाढली, म्हणून तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर चढे ठेवले. ब्रिटनसह शेजाऱ्यांची चलने एका विनिमय व्यवस्थेत मार्कशी बांधलेली. घरात मंदी असली तरी त्यांनाही दर चढेच ठेवावे लागले. १६ सप्टेंबर १९९२ रोजी ब्रिटनने व्याजदर १० वरून १२ टक्क्यांवर नेला, दुसऱ्या दिवशीपासून १५ टक्के करू असे जाहीर केले आणि संध्याकाळी त्या विनिमय व्यवस्थेतूनच अंग काढून घेतले. पौंडावर राणीचे चित्र होते, त्याचा काही उपयोग झाला नाही. डेन्मार्कने २००० साली जनमत घेऊन युरो नाकारला. त्यांचे चलन क्रोन आजही आहे, पण ते युरोशी बांधलेले. फ्रँकफर्टमधल्या युरोपीय मध्यवर्ती बँकेचा दर हलला की कोपनहेगनमधलाही सहसा हलतो. मात्र फ्रँकफर्टच्या बैठकीत डेन्मार्कला मत नाही. चिमुकल्या माल्टाला आहे.

ग्रीसमध्ये मतदारांच्या कौलाला किंमत उरली नाही, हे लेखकाचे म्हणणे मात्र मला मान्य आहे. देश कर्जात बुडालेला असताना ५ जुलै २०१५ च्या जनमतात ६१ टक्के मतदारांनी कर्जदात्यांच्या अटी फेटाळल्या. तेव्हा बँका बंद होत्या, एटीएममधून दिवसाला ६० युरोच काढता येत. जेमतेम आठवडाभरात सरकारने तितक्याच, किंबहुना अधिक कडक अटी मान्य केल्या. दोष कुठे होता? चलन एक केले आणि तिजोऱ्या वेगळ्या ठेवल्या, तिथे. तिजोरी एक असती तर मंदीत बुडालेल्या प्रांतातल्या म्हाताऱ्यांची पेन्शन केंद्रातून येतच राहिली असती. ग्रीसला मिळाली ती उसनवारी, आणि अटी घालणाऱ्या इतर देशांच्या अर्थमंत्र्यांना ग्रीक मतदार घरी बसवू शकत नव्हते. पुऱ्या एकीकरणापेक्षा मला हे अर्धवट एकीकरण जास्त धोक्याचे वाटते.

कोविडकाळात, जुलै २०२० मध्ये, महासंघाने ७५० अब्ज युरोपर्यंत सामाईक कर्ज उभारायचे ठरवले. पाऊल योग्यच होते. पण ते २०५८ पर्यंत फेडायचे आहे, आणि त्यासाठी महासंघाला उत्पन्नाचा नवा मार्ग द्यायचा तर सत्तावीसही सरकारांचे एकमत हवे, वर प्रत्येक देशाची मंजुरी हवी. एकाने मान डोलावली नाही की अडले. हा नकाराधिकार ठेवावा की सोडावा, याबद्दल लेखकाने एक अक्षर लिहिलेले नाही. पुढच्या लेखात लिहावे, ही विनंती.

– एक निवृत्त बँक अधिकारी