‘इतक्यात नको’ म्हणालात, त्याबद्दल

ताई,

तुमच्या सोबतीने घेतलेल्या सायलोसायबिनच्या (काही अळंब्यांत सापडणाऱ्या, मनाची अवस्था बदलणाऱ्या द्रव्याच्या) सत्राला परवा सात महिने झाले. त्या संध्याकाळी निघताना तुमचे आभार मानायचे राहिले, कारण मला शब्दच सापडत नव्हते. नंतरच्या भेटींत मी सुरुवात केली की तुम्ही विषय माझ्याकडेच वळवायचात. म्हणून हे पत्र. उघड लिहिते आहे, कारण सायलोसायबिनबद्दल जो तो बोलतो तो त्या सहा तासांबद्दलच. मला त्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सांगायचं आहे. तुमचं खरं काम तिथे होतं.

मी आले तीच घाईत. अकरा वर्षांचं नैराश्य, तीन औषधं बदलून झालेली, आणि एका डोसात माणूस मोकळा होतो असं कुठेतरी वाचलेलं. संशोधनाच्या चाचणीत नाव लागलं म्हणजे आता फक्त गोळी गिळायची, असा माझा समज. तुम्ही मात्र प्रश्नच विचारत बसलात. रक्तदाब, हृदय, लिथियम हे मनोविकारावरचं औषध कधी घेतलंय का, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर. लिथियमचं कशाला, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. दोन्ही एकत्र आली तर फिट येऊ शकते, असं तुम्ही सरळ सांगितलंत. मी गप्प झाले. आणि घरातल्यांच्या प्रश्नाला ‘कुणी नाही’ असं खोटं उत्तर दिलं.

मामाचं तुम्हाला तिसऱ्या भेटीत सांगितलं. सगळे त्याला वेडाच म्हणायचे. यादीतून आपलं नाव जाईल म्हणून मी लपवलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. वहीत लिहून घेतलंत आणि म्हणालात, ‘मग इतक्यात नको.’ त्याची जुनी कागदपत्रं शोधा, डॉक्टरांना बघू द्या. तीन आठवडे गेले. अपघातात डोक्याला मार बसल्यावर सुरू झालेलं ते दुखणं होतं, हे कागदांवरून डॉक्टरांची खात्री पटली, तेव्हा कुठे पुढची तारीख मिळाली. त्या तीन आठवड्यांत मी मनातल्या मनात तुम्हाला पुष्कळ बोल लावले, तेही आज कबूल करून टाकते.

तयारीच्या भेटी मला आधी नुसत्या गप्पाच वाटायच्या. माझं बालपण, बाबांचं जाणं, मला कशाची भीती वाटते. मग एके दिवशी तुम्ही मला त्या खोलीत नेलंत, डोळ्यांवर पट्टी आणि कानांवर हेडफोन चढवून, औषधाविना वीस मिनिटं नुसतं पडायला लावलंत. पलंगापासून स्वच्छतागृहापर्यंत चालवूनही आणलंत. मला हसू आलं होतं. सत्राच्या दुसऱ्या तासाला जमीन कुठे संपते आणि मी कुठे सुरू होते हे कळेना, तेव्हा ती नऊ पावलं पायांना पाठ होती.

हाताचंही आधीच ठरलं होतं. घाबरले तर हात धरायचा, तुम्ही किंवा तुमच्या सहकाऱ्यांनी, आणि तेवढंच. त्या दिवशी मी आणखी काही मागितलं तरी ठरल्यापलीकडे काही होणार नाही, असं तुम्ही बजावलंत. ‘अमलाखाली दिलेला होकार आम्ही होकार धरत नाही.’ हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. कोणत्याही परवान्यापेक्षा मला या एका वाक्याने जास्त निर्धास्त केलं.

इथे थोडं विषयांतर करते. 19 एप्रिल 1943 रोजी स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी स्वतःवर 250 मायक्रोग्रॅम एलएसडीचा, म्हणजे तशाच मन बदलणाऱ्या द्रव्याचा, प्रयोग केला आणि गरगरत्या डोक्याने सायकलवरून घरी गेले, ही गोष्ट या विषयात रस असलेल्या सगळ्यांना ठाऊक असते. त्यांना घरी पोचवायला प्रयोगशाळेतली त्यांची सहायक सुझी रामश्टाइनही सायकलवर सोबत होती. पुढे हॉफमन यांना आपण वेडे होतोय, मरतोय असं वाटू लागलं. डॉक्टर आले, त्यांना विस्फारलेल्या बाहुल्यांखेरीज काही सापडलं नाही. सायकल अजरामर झाली, लोक दर वर्षी तिचा दिवस साजरा करतात. सोबतिणीचं नाव किती जणांना येतं? तुमच्याबद्दल लिहायला बसले तेव्हा मला आधी तीच आठवली.

सत्राबद्दल फार लिहीत नाही. पंचवीस मिलिग्रॅम, एक कॅप्सूल, पाऊण तासाने संगीताला रंग चढू लागले. बाबा दिसले, मी पुष्कळ रडले. आणि मग ते दिसलं, ज्यासाठी हे पत्र आहे. पाच-सहा वर्षांची मी, अंधारी खोली, बाहेरून कडी, आणि कडीपलीकडे दादाचं हसू. मी ओरडले. तुम्ही हात धरलात आणि एवढंच म्हणालात, ‘पळू नका, तिथेच बघा.’ बाकी काही नाही.

संध्याकाळी भानावर आले तेव्हा सगळं लख्ख होतं. अकरा वर्षांच्या दुखण्याचं मूळ सापडलं होतं. मला त्याच रात्री दादाला फोन करायचा होता, आणि काय काय सुनवायचं तेही तयार होतं. तुम्ही पाण्याचा ग्लास पुढे केलात. ‘इतक्यात नको. तो फोन कुठे पळून जात नाही.’

दुसऱ्या दिवशीच्या भेटीत मी तुमच्याशी भांडलेच. मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाले. तुम्ही म्हणालात, ‘तुम्हाला जे दिसलं ते तुमचं आहे, भीतीसुद्धा खरी आहे. पण ते तसंच घडलं होतं का, हे औषध सांगू शकत नाही.’ घडलं असेलही, नसेलही. कोणत्याच बाजूला तुम्ही बोट दाखवलं नाहीत. तेव्हा मला हा कोरडेपणा वाटला. नंतर वाचलं, की आपल्याला काहीतरी ज्ञान झालं ही ठाम खात्री अशा अनुभवांचं लक्षणच असतं, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1902 मध्येच ते नोंदवून ठेवलंय. खात्री अनुभवासोबतच येते, पुराव्याची वाट बघत नाही. शिवाय अमलाखाली माणूस दुसऱ्याच्या शब्दाने सहज वळतो. त्या दिवशी तुम्ही ‘हो, भावानेच केलं’ एवढं जरी म्हणाला असतात, तरी मी ते जन्मभर धरून बसले असते.

तुम्ही मला मोठ्या निर्णयांना महिनाभर हात लावू दिला नाहीत. नोकरी सोडायची नाही, कुणाशी नातं तोडायचं नाही. रोज वहीत अर्धं पान, अर्थ न लावता, फक्त काय दिसलं आणि अंगात कुठे जाणवलं ते. पहिल्या आठवड्यात सगळी पानं दादाच्या हसण्याची. तिसऱ्या आठवड्यात ते हसणं नीट ऐकू येईना, ते रडणंही असू शकेल असं वाटू लागलं. लोक याला ‘इंटिग्रेशन’ म्हणतात. आपल्याकडे त्याला पचनी पडणं म्हणतात, आणि पचायला वेळ लागतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात 2020 च्या जनमतानंतर सायलोसायबिन सेवा कायदेशीर झाली, तिथे आधीचं तयारीचं सत्र सक्तीचं आहे आणि नंतरचं ऐच्छिक. मला विचाराल तर हे अर्धवट झालं. माझी सगळी पडझड नंतरच व्हायची होती.

सहाव्या आठवड्यात दादाला फोन केला. आरोप न करता, आपण दोघींनी बसून घोटलेला एकच प्रश्न विचारला: ‘लहानपणी मी कधी कुठे कोंडले गेले होते का रे?’ तो बराच वेळ गप्प होता. कडीची खोली त्याला आठवत नाही. आई इस्पितळात होती तो महिना आठवतो. आपल्याला नातेवाइकांकडे ठेवलं होतं, तू रात्री ओरडायचीस आणि मी तुला हसवायचा प्रयत्न करायचो, म्हणाला. खरं काय ते मला आजही माहीत नाही. त्यालाही नसावं.

नैराश्य गेलं का, असं लोक विचारतात. बरंच उतरलं. चौथ्या महिन्यात पुन्हा चढलं, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने एक गोळी परत सुरू केली. ती सुरू करताना मला हरल्यासारखं वाटलं, तर तुम्ही विचारलंत, ‘कुणाविरुद्ध?’ मला अजून उत्तर सुचलेलं नाही.

दादा पुढच्या महिन्यात येतोय, चार दिवस राहणार आहे. त्या खोलीचं पुन्हा काढायचं की नाही, ते ठरवलेलं नाही. वही मात्र कपाटातून बाहेर काढून ठेवली आहे.

तुमची,
गुरुवार सकाळची, नऊची