विमा नोकरीला कसा बांधला गेला

एडिसन, न्यू जर्सी

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताला इथल्या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं वाचून फार आनंद झाला. तू विचारलेला प्रश्न जन्मभर कामगारांची प्रकरणं लढलेल्या माणसालाच सुचावा असा आहे. पगार मालक देतो हे ठीक, पण पोरीच्या आजारपणाचा खर्चही मालकाच्याच हातात का, आणि नोकरी सुटली तर काय? उत्तर लांबेल, पण इतिहास कळल्याशिवाय पुढच्या तारखांचं महत्त्व ध्यानात येत नाही.

तुमच्या ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतही, मालक ३.२५ टक्के भरतो आणि कामगार ०.७५ टक्के. पण योजना सरकारी महामंडळाची. गिरणी बदलली तरी कामगाराचा विमा क्रमांक तोच राहतो. अमेरिकेत योजनाच मालकाची असते. गंमत म्हणजे असं असावं हे कोणी ठरवून केलेलं नाही.

सुरुवात १९२९ची. डॅलसमधल्या बेलर रुग्णालयाची बिलं थकत होती. जस्टिन किंबॉल हे तिथले कारभारी आधी शहरातल्या शाळांचे प्रमुख होते, म्हणून त्यांना शिक्षकांची परिस्थिती ठाऊक होती. त्यांनी शिक्षकांपुढे सौदा ठेवला: महिना ५० सेंट भरा, गरज पडल्यास २१ दिवस रुग्णालयात ठेवून घेऊ. पुढच्या ‘ब्लू क्रॉस’ विम्याचं हे मूळ. गट नोकरदारांचा घेण्यात हिशेब होता. विमा एकेकाला विकला तर आजारी माणसंच आधी धावत येतात आणि निधी बुडतो. कामावर जाणाऱ्यांत बहुतेक धडधाकट असतात, आणि हप्ता पगारातूनच कापता येतो. १९३३मध्ये मोहावी वाळवंटात कालव्याचं काम चाललं होतं, तिथे डॉ. सिडनी गारफिल्ड यांनीही असंच केलं. कामावरच्या दुखापतीसाठी प्रत्येक मजुरामागे दिवसाला ५ सेंट विमा कंपनीकडून आगाऊ, आणि इतर आजारांसाठी आणखी ५ सेंट मजुराकडून. त्यातूनच पुढे कैसर या उद्योगपतीच्या धरणांवर आणि जहाजबांधणीच्या कारखान्यांत आजची ‘कैसर परमनंटे’ ही आरोग्यसेवा संस्था उभी राहिली.

सरकारी विम्याची संधी १९३५मध्ये आली होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा सामाजिक सुरक्षा कायदा फ्रान्सिस पर्किन्स या कामगारमंत्र्यांच्या समितीने तयार केला. न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्ट कारखान्याला १९११मध्ये आग लागली, तेव्हा वरच्या मजल्यांवरून उड्या टाकणारे कामगार या बाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. १४६ जणांचा जीव गेला होता. तरीही आरोग्य विमा कायद्याबाहेर ठेवावा लागला, कारण डॉक्टरांच्या संघटनेचा विरोध इतका होता की निवृत्तिवेतनासकट सगळंच बुडालं असतं.

मग महायुद्ध आलं आणि खरी गाठ तिथे बसली. १९४२च्या कायद्याने महागाई रोखायला पगार गोठवले. माणसं सैन्यात गेलेली, कारखान्यांना हात मिळेनात, आणि पगार वाढवून माणूस ओढणं बेकायदा. मात्र त्याच कायद्याने वाजवी मर्यादेतला विमा आणि निवृत्तिवेतन ‘पगारा’तून वगळलं होतं. मालकांनी ती फट हेरली आणि विमा देऊ केला. मालकाने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर नाही, हे १९५४च्या करसंहितेने पक्कं केलं, आणि गाठ सुटेनाशी झाली. हिशेब बघ. पगार १०० डॉलरने वाढला आणि २२ टक्क्यांचा कर लागत असेल, तर तो कर आणि सामाजिक सुरक्षेचे ७.६५ टक्के जाऊन हाती ७० डॉलर येतात. तेच १०० डॉलर मालकाने विम्यात घातले तर पूर्ण १००. युद्ध संपलं, पगारबंदी उठली, पण हा फायदा सोडायला कोण तयार होणार?

तू विचारशील, युनियन काय करत होत्या? राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर १९४५मध्ये राष्ट्रीय विम्याची योजना संसदेपुढे ठेवली आणि युनियन तिच्या बाजूने उभ्या राहिल्या. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर गोळा करून ‘हा समाजवाद आहे’ असा प्रचार केला आणि योजना पडली. मग जे वाटाघाटीत मिळेल ते घ्यायचं ठरलं. कोळसा खाणकामगारांनी १९४६मध्ये टनामागे ५ सेंट आपल्या कल्याण निधीसाठी मिळवले. आरोग्य विमा हा वाटाघाटीचा विषय आहे, मालकाला त्यावर बोलणं टाळता येणार नाही, हा निकाल १९४९चा. मी युनियनना दोष देत नाही. आपला सभासद उद्या आजारी पडणार असतो, कायदा मात्र कधी होईल सांगता येत नाही. पण त्याची किंमत युनियन नसलेल्यांनी मोजली. शेतमजूर आणि घरकामगार तर १९३५च्या युनियनच्या कायद्यातूनच वगळलेले होते, आणि दक्षिणेत या कामांवर मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय माणसं होती. १९६५मध्ये मेडिकेअर हा सरकारी विमा आला, तो ६५च्या पुढच्यांसाठी. म्हणजे नोकरी संपल्यावर.

त्यानंतरचा प्रत्येक कायदा मला या गाठीवर लावलेलं ठिगळ वाटतो. मुक्ताचा संबंध याच ठिगळांशी येणार, म्हणून आता तपशीलात लिहितो.

पहिली गोष्ट, विमा रुजू झाल्याच्या दिवसापासून लागेलच असं नाही. २०१०च्या आरोग्य विमा कायद्याने प्रतीक्षेला ९० दिवसांची मर्यादा घातली आहे. तिने तारीख लेखी विचारावी आणि मधल्या दिवसांसाठी प्रवासी विमा घेऊनच विमानात बसावं. योजना निवडायला बहुतेक ठिकाणी ३० दिवस मिळतात. ते चुकले की पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत हात बांधलेले. निवडताना नुसता हप्ता बघू नये. ‘डिडक्टिबल’ म्हणजे विमा हातभार लावू लागण्याआधी आपण भरायची रक्कम. ती २००० डॉलर असेल आणि त्यापुढचा वाटा २० टक्के असेल, तर १२,००० डॉलरच्या शस्त्रक्रियेला तिच्या खिशातून आधी २००० आणि मग उरलेल्या १०,०००चे २० टक्के, म्हणजे एकूण ४००० जातील. वर्षाकाठी खिशातून जाणाऱ्या रकमेची कमाल मर्यादा किती, हा आकडा मी सगळ्यात आधी बघतो. पण ही मर्यादा योजनेच्या जाळ्यातल्या डॉक्टरांपुरती असते, हे तिने विसरू नये.

दुसरी, आणि सगळ्यात जास्त घोळ होतो ती: नोकरी सुटणं. इथे ‘कोब्रा’ नावाचा १९८६चा कायदा लागतो. २० किंवा जास्त कामगार असलेल्या मालकाची योजना १८ महिने चालू ठेवता येते, पण पूर्ण हप्ता आपण भरायचा, वर २ टक्के. कैसर फॅमिली फाउंडेशनच्या २०२४च्या पाहणीत एकट्या माणसाचा सरासरी वार्षिक हप्ता ८,९५१ डॉलर होता आणि त्यातला कामगाराचा वाटा १,३६८. म्हणजे महिना ११४ भरणाऱ्याला नोकरी गेल्यावर ७६१ भरावे लागतात, तेही पगार थांबलेला असताना.

या कायद्यात एक सोय आहे, ती फार थोड्यांना नीट कळते. सूचना मिळाल्यापासून किंवा विमा संपल्यापासून, यातलं जे नंतरचं असेल तिथून, ‘हवा’ म्हणायला ६० दिवस असतात. हो म्हटल्यावर पहिला भरणा करायला आणखी ४५ दिवस. आणि विमा मागच्या तारखेपासून, मध्ये खंड न पडता लागू होतो. मधल्या दिवसांत अपघात झाला तर अर्ज भरून मागचे सगळे हप्ते भरले की ते बिलही योजनेत बसतं. काहीच झालं नाही आणि दुसरा विमा मिळाला, तर कोब्रा घेतलाच पाहिजे असं नाही. मात्र खुल्या बाजारातला विमा घ्यायची ६० दिवसांची मुदत त्याच वेळी चालू असते आणि तो विमा मागच्या तारखेने लागत नाही. एकदा कोब्रा घेतला, ही मुदत गेली आणि मग महाग वाटतो म्हणून मध्येच सोडला, तर वार्षिक नोंदणीपर्यंत काहीच मिळत नाही. कंपनीच बुडाली आणि योजना बंद झाली, तर कोब्राही उरत नाही.

मुक्ता एच-१बी या कामाच्या व्हिसावर येते आहे, तर तिला तिसरंही घड्याळ आहे. नोकरी संपल्यावर देशात राहण्याची जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत. आकडा तोच असल्याने माणसं गोंधळतात. हे दिवस नोकरी संपल्यापासून मोजतात, विम्याचे वेगळे. सगळ्या तारखा तिने कागदावर वेगवेगळ्या लिहून ठेवाव्यात.

आता तुझा प्रांत, कामावरची दुखापत. १९११पासून राज्याराज्यांत भरपाईचे कायदे झाले, शेवटचं मिसिसिपी १९४८मध्ये. सौदा असा की चूक कोणाची हे विचारायचं नाही, उपचार आणि पगाराचा भाग मिळतो, आणि त्या बदल्यात मालकावर दावा लावण्याचा हक्क जवळपास जातो. न्यू जर्सीत सरासरी आठवडी पगाराच्या ७० टक्के मिळतात, त्यालाही वरची मर्यादा आहे, आणि डॉक्टर मालक ठरवतो. प्रयोगशाळेत हात भाजला तर लगेच लेखी कळवायचं. सगळ्यात मोठी चूक म्हणजे दवाखान्यात नेहमीचं विमा कार्ड दाखवणं. आरोग्य विमा ‘ही कामावरची दुखापत’ म्हणून हात वर करतो, आणि भरपाईवाले विचारतात, ‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’

ज्या रसायनांशी काम आहे त्यांची सुरक्षा माहितीपत्रकं बघण्याचा तिला हक्क आहे. तिच्या संपर्काच्या आणि वैद्यकीय नोंदी मागितल्या तर १५ कामाच्या दिवसांत मिळायला हव्यात. हे हक्क १९७०च्या सुरक्षा कायद्याखालचे. त्याच्या आदल्या वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या हजारो खाणकामगारांनी काळ्या फुप्फुसाच्या आजारासाठी संप केला आणि भरपाईचा कायदा करून घेतला, तेव्हा कुठे देशभर ‘धूळ हा खाणीचा धर्मच’ म्हणणाऱ्यांची तोंडं बंद झाली. तक्रार केली म्हणून मालकाने त्रास दिला, तर केंद्राकडे दाद मागायला मात्र फक्त ३० दिवस असतात. एवढी तुटपुंजी मुदत मला अन्यायाचीच वाटते.

विम्याने दावा नाकारला तर बहुतेक लोक गप्प बसून पैसे भरतात. तसं करू नये. अंतर्गत अपिलाला १८० दिवस असतात. नाकारण्याचं कारण आणि दाव्याची पूर्ण फाइल फुकट मागता येते. डॉक्टरकडून वैद्यकीय गरजेचं पत्र घ्यायचं. तिथेही नकार आला तर, मुद्दा वैद्यकीय असल्यास, चार महिन्यांत बाहेरच्या तटस्थ परीक्षणाकडे जाता येतं आणि त्यांचा निर्णय विमा कंपनीवर बंधनकारक असतो. फक्त आधी एक गोष्ट बघायची, पैसा विमा कंपनीचा की मालकाचा स्वतःचा. मोठ्या कंपन्या बहुधा स्वतःच्या पैशातून दावे भागवतात आणि कार्डावरची विमा कंपनी नुसती कारकुनी करते. अशा योजनेला १९७४चा केंद्राचा कायदा लागतो आणि राज्याचे विमा कायदे लागत नाहीत. मग ट्रेंटनच्या, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या, विमा खात्याकडे तक्रार पाठवून वेळ जातो, निकाल येत नाही.

हे ‘समरी प्लॅन डिस्क्रिप्शन’ नावाच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. मुक्ताला कंपनीकडून ती आत्ताच मागवायला सांग आणि मला पाठव. कोणती योजना घ्यावी ते मी वाचून नोंदणीच्या आधी कळवतो. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश