शेवटच्या बाकावर बसलेल्या इंजिनिअर मॅडमना

मॅडम नमस्कार,

हे पत्र खरं तर शाळेच्या दुरुस्तीचं काम संपलं त्याच आठवड्यात लिहायला घेतलं होतं, पण म्हटलं आधी एक जोराचा पाऊस होऊन जाऊ दे मग बोलू. आता तीन-चार झाले आणि सहावीच्या वर्गात बादली ठेवावी लागली नाही. इतकी वर्षं त्या बादलीत टपटप पडणाऱ्या पाण्याच्या आवाजात मी गणित शिकवलंय, त्यामुळे हे माझ्यासाठी किती मोठं आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोक्यात रंग, नवं गेट आणि प्रत्येक वर्गात मोठी स्क्रीन एवढंच होतं. सरकारी शाळेला कधी नव्हे तो निधी मिळतोय तर काहीतरी दिसायला हवं ना, असं मीही मीटिंगमध्ये बोललो होतो. तुम्ही वाद घातला नाहीत, फक्त विचारलंत की मी एक दिवस वर्गात बसू का? आणि खरंच सकाळपासून शाळा सुटेपर्यंत शेवटच्या बाकावर बसलात. मधल्या सुट्टीत मुलांना विचारलंत की कुठं बसायला आवडत नाही आणि का. आम्ही हे कधी विचारलंच नव्हतं हो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हातोडी घेऊन छत ठोकून बघत होतात, कुठं भरीव आवाज येतो आणि कुठं पोकळ ते मलाही ऐकवलंत. पाणी मुरून आतल्या सळईला गंज चढला की ती फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते, म्हणून नुसते पोपडे काढून रंग मारला तर आजार झाकला जातो, बरा होत नाही, हे तुम्ही इतकं सोपं करून सांगितलंत की मीटिंगमध्ये पुढे मीच ते सगळ्यांना सांगत सुटलो. ब्रिटनमध्ये 2023 साली कमकुवत झालेल्या हलक्या काँक्रीटमुळे शंभरावर शाळांना सत्र सुरू व्हायच्या तोंडावर इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करावे लागले होते, ते ऐकल्यावर गेटचा विषय आपोआप मागे पडला.

पण मला मनापासून आभार मानायचेत ते आवाजाचे. तुम्ही रिकाम्या वर्गात एक टाळी वाजवलीत आणि म्हणालात, ऐका, किती वेळ घुमतेय. चांगल्या वर्गात आवाज 0.6 सेकंदाच्या आत विरायला हवा आणि आमच्याकडे उघड्या भिंती, उंच छत, फरशी, सगळं कडक, त्यामुळे एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर चढत होती. मोठी माणसं अंदाजाने वाक्य जुळवून घेतात, लहान मुलांना ते तितकंसं जमत नाही, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीत कुणी सांगितलं नव्हतं. मागे बसणारी एक मुलगी शुद्धलेखनात ‘थ’ला ‘त’ आणि ‘ध’ला ‘द’ लिहायची, मी तिला लक्ष देत नाहीस म्हणून कितीदा तरी ओरडलोय. छताला आवाज शोषणारे पॅनल लागले, मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड आला, आणि तीच मुलगी त्याच बाकावर बसून बरोबर लिहायला लागली. मी तिची माफी मागितली, पण त्या ओरडण्याचं वाईट वाटायचं ते वाटतंच.

हवेचं पण तसंच. खिडक्या गंजून कायमच्या बंद झालेल्या, दुपारी मुलं पेंगायची आणि आम्ही म्हणायचो की जेवण झालंय म्हणून. तुम्ही तो छोटा मीटर टेबलावर ठेवलात, बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग, असतो आणि आमच्या वर्गात तास संपता संपता आकडा 2000 च्या वर. समोरासमोरच्या खिडक्या उघडत्या झाल्या, वर झडपा बसवल्या, आता मीटर भिंतीवर आहे आणि 1000 दिसला की मुलंच उठून खिडकी उघडतात, मला सांगावं लागत नाही.

खर्चावरून जेव्हा फारच ताणलं गेलं तेव्हा तुम्ही सॅल्फर्ड विद्यापीठाचा 2015 चा अभ्यास पुढे ठेवलात, 27 शाळा, 153 वर्ग, आणि मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत जो फरक पडतो त्यातला 16 टक्के वर्गाच्या रचनेशी जोडलेला, त्यातही जवळपास निम्मा भाग उजेड, तापमान आणि हवेचा. त्यानंतर स्क्रीनसाठी कुणी हट्ट धरला नाही.

रॅम्पबद्दल पण थँक्यू, जागा कमी पडत होती तरी एकास बाराचा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, तुम्ही सोडला नाहीत, आणि आता व्हीलचेअरवरचा आमचा मुलगा कुणाला हाक न मारता स्वतः आत येतो.

जिन्याकडच्या बाजूचं वायरिंग अजून राहिलंय, त्याचा अर्ज मी तुम्ही दिलेल्या यादीप्रमाणेच केलाय. वेळ मिळाला तर एकदा या मॅडम, शेवटचा बाक मोकळा ठेवतो, मी फळ्याजवळून नेहमीच्या आवाजात बोलेन आणि तुम्ही सांगा नीट ऐकू येतंय का.

तुमचा,
सहावीचा वर्गशिक्षक