ढोलकीचा घुमारा कुणी खाल्ला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला लावणीवरचा लेख वाचला. हल्लीच्या गाण्यांत ढोलकी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते, पूर्वीसारखे हात आता राहिले नाहीत, असे लेखकाचे म्हणणे. डब्याबद्दल मी त्यांच्याशी सहमत आहे. हातांबद्दल अजिबात नाही. हात आहेत, चांगले तयार आहेत. डबा आम्ही करतो, स्टुडिओवाले, आणि त्यात मीही आलो.

गेली सव्वीस वर्षे मी कोल्हापुरात रेकॉर्डिंगचा स्टुडिओ चालवतो. स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची १० बाय १२ ची खोली. भिंतीला ग्लासवूल, त्यावर गोणपाट, वर आठ फुटांवर छत. गिरणी सुरू असली की घरघर फरशीतून माइकच्या स्टँडमध्ये चढते, त्यामुळे वाद्यांचे काम सोमवारी, गिरणीच्या सुट्टीला, नाहीतर रात्री नऊनंतर. भजनी मंडळे, पोवाडे, गणपतीची गाणी, निवडणुकीत प्रचाराची गाणी असे सगळे इथे होते. (प्रचाराच्या गाण्यांचे पैसे निकालाआधी घ्यायचे, एवढे शहाणपण सव्वीस वर्षांत आले.)

२००४ ची गोष्ट सांगतो. सत्तरीला टेकलेले एक ढोलकीवाले आण्णा माझ्याकडे आले होते. उभा जन्म तमाशाच्या फडात गेलेला. मी त्या वेळी ड्रमसेटच्या रेकॉर्डिंगवरचे इंग्रजी पुस्तक वाचून नवा नवा हुशार झालो होतो. प्रत्येक ड्रमला त्याचा माइक हवा, असे त्यात होते. मग ढोलकीला दोन तोंडे, तर दोन माइक: एक शाईकडे (उजव्या हाताचे तोंड), एक धुमीकडे (डाव्या हाताचे), दोन्ही कातड्यापासून चार बोटांवर. एकेक माइक वेगळा ऐकला तर झकास. दोन्ही एकत्र केले की घुमारा गायब! मी इक्वलायझरवर खालचे स्वर वाढवले. गुरगुर वाढली, घुमारा काही आला नाही. आण्णांनी हेडफोन लावून शांतपणे सगळे ऐकले आणि म्हणाले, "सायेब, उजवा हात माझाच हाय. डावा कुठं ठिवलासा?"

मी म्हणालो, "आण्णा, हेडफोन हलका आहे, स्पीकरवर येईल." सीडी निघाली. स्पीकरवरही आला नाही.

का आला नाही, हे कळायला मला तीन वर्षे लागली. शाईवर थाप पडली की ते कातडे आत दबते, खोडातली हवा ढकलली जाते आणि पलीकडचे कातडे बाहेर फुगते. म्हणजे एकाच क्षणी एका माइकसमोर हवा ओढली जाते आणि दुसऱ्यासमोर ढकलली जाते. दोघांची बेरीज केली की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. स्नेअरला, म्हणजे ड्रमसेटमधल्या काठीने वाजवायच्या चपट्या ड्रमला, वरून आणि खालून माइक लावला की हाच घोटाळा होतो आणि त्याचा उपाय त्याच पुस्तकात दोन पाने पुढे दिला होता. मिक्सरवर शून्यावर तिरकी रेघ मारलेले एक बटण असते. दोनपैकी एका माइकचे ते दाबायचे, लाट उलटी होते. दाबले, आणि घुमारा खोलीत उभा राहिला. तोवर आण्णा गेले होते. त्या सीडीवर त्यांचा डावा हात आजही नाही.

तेव्हापासून मी खिशात सुतळी बाळगतो. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. ड्रमसेटवर वरून दोन माइक टांगताना स्नेअरच्या मध्यापासून दोन्हींचे अंतर सुतळीने सारखे करून घेतो, नाहीतर स्नेअरची थाप एका कानात आधी आणि एका कानात मागाहून येते. नवी पोरे हसतात. हसू देत.

पण उलटी लाट हा अज्ञानाचा दोष, शिकला की सुटतो. आमचा मोठा दोष सवयीचा आहे. मिक्सिंगची आमची सगळी विद्या ड्रमसेटवरून आलेली. स्नेअरला ठरावीक स्वर नसतो. काठी पडल्यावर मागे जी किणकिण उरते ती कटकट वाटते, म्हणून वादक कातड्यावर टेपचा तुकडा चिकटवतो आणि उरलीसुरली आम्ही गेट (बारीक झालेला आवाज तोडणारी सोय) लावून छाटतो. शाईच्या वाद्याचे बरोबर उलटे आहे. सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी १९२० मध्येच 'नेचर'मध्ये मांडले होते की तबला-मृदंगासारख्या वाद्यांत शाईच्या भारामुळे कातड्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत बसतात. म्हणून ढोलकी गायिकेच्या काळी चारच्या पट्टीत लावता येते. स्नेअर लावून दाखवा! ढोलकीत थापेनंतर मागे उरते तोच स्वर. आम्ही संगणकावर 'स्नेअर' नावाची तयार सेटिंग ढोलकीला लावतो, मागचे सगळे कापतो, आणि हातात उरते ती नुसती टकटक.

आणि हे ढोलकी खरोखर वाजवलेली असेल तर. पुष्कळदा ती कुणी वाजवलेलीच नसते. कुठल्या तरी लायब्ररीतले तयार बोल, एकाच पट्टीत रेकॉर्ड केलेले, कीबोर्डवर दोन बोटांनी दाबलेले. गाणे वरच्या पट्टीत असले की संगणक ते बोल चार-पाच स्वर वर ओढतो. वर नुसती शाई चढत नाही, खोडाचा आवाजही तेवढाच वर चढतो. म्हणजे कानाला ढोलकी अचानक वीतभर लांबीची झालेली ऐकू येते. लेखकांनी ऐकलेला पत्र्याचा डबा बहुधा हाच. असेच तयार बोल काठीने वाजवणाऱ्या ऑक्टोपॅडवाल्यांवर माझा राग नाही बरे का, आमच्याकडच्या निम्म्या ऑर्केस्ट्रा आणि बँजो पार्ट्या त्याच्यावरच जगल्या. पण मग दोष 'हातां'ना देऊ नये, एवढेच.

हाताने वाजवायला माणूस बोलावला तरी आम्ही त्याला एसीत बसवतो. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, ती तासाभरात सुकून आवाज चढतो. पखवाजी बिचारा दर अंतऱ्याला पाण्याचे बोट लावत बसतो. कातड्याची हलगी तर शेकल्याशिवाय बोलतच नाही. स्टुडिओत जाळ कुठून करणार? मी बायकोचा हेअर ड्रायर आणून ठेवला आहे. (तो परत घरी गेलेला नाही.)

मग हेडफोनमध्ये क्लिक. टिक-टिक-टिक, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच चालीने. लावणीत तोड्याला ढोलकी केसभर पुढे झेपावते आणि समेवर येऊन विसावते, सगळी गंमत तिथे आहे. क्लिक ते होऊ देत नाही. त्यातूनही वादकाने केलेच तर मागाहून आम्ही माउसने थापा धरून रेषेवर आणून बसवतो. गायिका दुसऱ्या दिवशी येते, ढोलकीवाल्याचे तोंडही बघत नाही. त्याने कुणाकडे बघून वाजवायचे?

शेवटी सगळे गाणे लिमिटरमधून (आवाजाची टोके चेपणाऱ्या यंत्रातून) दाबून मोठे करायचे. निर्माता म्हणतो, शेजारच्या गाण्यापेक्षा आपले बारीक वाटायला नको. यूट्यूब, स्पॉटिफाय मोठी गाणी आपोआप साधारण उणे १४ एलयूएफएसवर (आवाजाचा मोठेपणा मोजायचे एकक) खाली आणतात. म्हणजे मोठेपणा तिथे पुसला जातो, चेपलेली थाप मात्र चेपलेलीच राहते. हे मी निर्मात्यांना सांगून थकलो.

आता मूळ दुखणे. ढोलकीला खोली लागते. तिचा आवाज दोन-तीन मीटर चालून, भिंतीवर आपटून मग पुरा होतो. फडातला माणूस ढोलकी ऐकतो तो इतक्या अंतरावरून, शाईला कान लावून नव्हे. इंग्लंडात १९७१ च्या एका अल्बमसाठी अँडी जॉन्स या ध्वनिमुद्रकाने हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात लेड झेपलिन या रॉक बँडचा ड्रमसेट खालच्या दालनात मांडला आणि दोन माइक वर जिन्यात टांगले. त्या ड्रमचा दरारा अजून कुणी विसरलेले नाही. आपल्याकडे 'सैराट'साठी वाद्यवृंद लॉस एंजेलिसला सोनीच्या मोठ्या दालनात रेकॉर्ड केला गेला. व्हायोलिनना दालन लागते हे आपल्याला पटले. ढोलकी, हलगी, संबळ यांना मात्र गोणपाटाची कोठडी.

लॉस एंजेलिस मला परवडणार नाही, पण गावोगाव नाट्यगृहे आहेत आणि आठवड्यातले चार दिवस सकाळी ती कुलूपबंद असतात. गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी सकाळी आठ ते बारा असे नाट्यगृह मिळवले. दरपत्रकात नाटक होते, सभा होती, शाळेचे गॅदरिंग होते, रेकॉर्डिंग नव्हते. 'इतर कार्यक्रम'खाली आम्हाला रात्रीच्या प्रयोगाएवढे भाडे पडले, न वापरलेल्या दिव्यांसकट. पंखे बंद केले, रंगमंचावर सतरंजी घातली, ढोलकी, संबळ, तुणतुणे आणि गायिका समोरासमोर बसवली. ढोलकीला जवळ दोन माइक, सहा फुटांवर एक, क्लिक नाही. तिसऱ्या वेळी गाणे जमले. त्यात छपरावरचे पारवेही घुमले आहेत, ते मी काढले नाहीत. मिक्स करताना लांबचा माइक वाढवला आणि बाकी फारसे काही करावेच लागले नाही. चार तासांचे काम होते, एरवी चार दिवस माउस फिरवत बसतो.

माझी मागणी एवढीच की नगरपालिका-महापालिकांनी दरपत्रकात 'ध्वनिमुद्रण, सकाळचे सत्र' अशी एक ओळ घालावी आणि भाडे दिवे-ध्वनिक्षेपक सोडून लावावे. दुसरे, आमच्या कोल्हापूरपुरते. केशवराव भोसले नाट्यगृह १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभे राहिले, तेव्हा गायकाला शेवटच्या रांगेपर्यंत नुसत्या गळ्याने पोचायचे होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आमच्या डोळ्यांदेखत जळाले. ते पुन्हा उभे करताना खुर्च्या आणि एसी यांच्या आधी कुणीतरी मधोमध उभे राहून आवाज कसा घुमतो ते ऐकायला एक टाळी वाजवावी, आणि एक ढोलकीवाला बोलवावा.

लेखकमहाशयांना आग्रहाचे बोलावणे आहे. सोमवारी गिरणी बंद असते. सकाळी दहाला पंचविशीतला एक पोरगा येतो, आई तमाशात, ढोलकी पाळण्यात असल्यापासून कानावर. मी खोलीचे दार उघडे ठेवून एक माइक खाली जिन्यात लावतो. जिन्यातच एक खुर्ची टाकून ठेवीन. चप्पल तेवढी बाहेर काढावी, पायरीवर वाजते.

आपला,
एक ध्वनिमुद्रक, कोल्हापूर

(कृपया नाव छापू नये. लिमिटरवाले निर्माते अजून माझी गिऱ्हाइके आहेत. लेखकांना पत्ता आपल्या कार्यालयातून द्यावा.)