काकूंच्या झाडाबद्दल

इंदूर, १२ एप्रिल

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

"अस्थी नदीत नको, शेतातल्या सोनचाफ्याखाली घाला" असं काकूंनी सांगितलं आणि तू ते उडवून न लावता मला विचारलंस, हे फार बरं केलंस. त्या चालत्याफिरत्या असताना स्वतः सांगतायत. त्यामुळे या गोष्टी वेळेआधी, नीट करता येतील.

पण शेतात अजून सोनचाफा नाही, आणि सांवेरच्या त्या काळ्या मातीत तो अस्थींसकट जगायचा नाही. कारण सांगतो. अस्थी म्हणजे खत, असं लोक धरून चालतात. तसं नाही. दाहात नत्र सगळं जळून जातं. मागे २ ते ३ किलो हाडं राहतात, ती बहुतेक कॅल्शियम फॉस्फेट, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. विरघळतात ते क्षार, त्यात सोडियमही. त्या राखेचा सामू (पीएच; ७ च्या वर म्हणजे अल्कधर्मी) ११-१२ पर्यंत जातो. आपली माळव्याची माती आधीच ८ च्या आसपास. असल्या जागी मुळांना लोह उचलता येत नाही. मग कोवळी पानं पिवळी पडतात, फक्त शिरा हिरव्या राहतात, मागाहून कडा करपतात. लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून ते आणखी पाणी घालतात आणि रोप जातं. गेलेल्या माणसाच्या नावाचं झाड असं डोळ्यांदेखत वाळताना बघणं घरच्यांना फार जड जातं. ते टाळायचंय.

सोनचाफ्याला आम्लाकडे झुकणारी, निचऱ्याची माती लागते. काकूंना तो हवाच असेल तर रामबागच्या घराच्या अंगणात लाव. उंच वाफा, भरपूर पानांचं खत, आणि त्यात अस्थींचा कण नको. शेतात कडुनिंब किंवा करंज. दोघंही खारवट, चिवट माती सोसतात. मला विचारशील तर निंब. आत्ता चैत्रात तो मोहरलाय, एकदा संध्याकाळी काकूंना त्याच्याखाली खुर्ची टाकून बसव. वासासाठीच चाफा हवा असेल तर त्या कदाचित स्वतःच निंब म्हणतील. वड-पिंपळ मात्र विहिरीजवळ नको, मुळं बांधकामात शिरतात.

आणि मुख्य गोष्ट ही, की झाड आत्ता लावायचं, काकूंच्या हातून, याच आषाढात. अस्थी पुढे, जेव्हा ती वेळ येईल तेव्हा, वाढलेल्या झाडाला द्यायच्या. मुळं खोल आणि लांब पसरलेली असली की थोडा खार झाडाला बाधत नाही. वीतभर रोपाच्या बुडाशी त्याच अस्थी घातल्या तर ते पहिल्याच उन्हाळ्यात मरतं. ऑनलाइन मिळणाऱ्या "खाली राख, वर बी" अशा कुप्यांत नेमकं हेच होतं. मधला काथ्याचा थर पातळ असतो, कोवळं मूळ तो ओलांडून राखेत उतरतं आणि जळतं.

खड्डा मे महिन्यात खणून उन्हात तापू दे, ३ फूट लांब, रुंद, खोल. काळ्या मातीतल्या खड्ड्याची खोड अशी की पावसात तो हौदासारखा भरतो. तळाशी मुरूम घातला तरी पाण्याला जायला वाट नसतेच. म्हणून जागा बांधाच्या उताराची निवड, आणि खड्ड्याच्या गुळगुळीत झालेल्या भिंती कुदळीने खरवडून घे. भरताना निम्मी तीच माती, पाव हिस्सा मुरूम, पाव हिस्सा पुरतं कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. माती बसते, म्हणून जमिनीच्या वर ६ इंच उंचवटा ठेव, खोडाशी पाणी साचता कामा नये. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून मुळं तुटतात, त्यावर ४ इंच पालापाचोळ्याचं आच्छादन हाच उपाय. पहिली २ वर्षं आठवड्यातून एकदा, पण भरपूर पाणी.

अस्थी द्यायची रीत अशी. सावडून आणल्यावर बादलीत पाण्यात भिजव, तळाशी बसू दे, वरचं पाणी टाक. असं ३-४ वेळा. बरेचसे विरघळणारे क्षार त्या पाण्याबरोबर जातात. ते पाणी कुठल्याही झाडाला घालू नकोस. मग खोडापासून दूर, फांद्यांचा घेर संपतो तिथे, दीड फूट खोल चर खण. अस्थींच्या वीसपट माती-शेणखतात त्या मिसळ आणि चरात ३-४ ठिकाणी विभागून घाल. उथळ पुरल्या तर कुत्री उकरतात. पावसाळ्यात केलेलं उत्तम. मडकं पुरू नकोस, भाजलेली माती शेकडो वर्षं कुजत नाही. तांब्याचा गडू तर नकोच. सुती फडकं किंवा पत्रावळ पुरे.

थोड्या अस्थी ओंकारेश्वरला न्याव्यात असं दादांना वाटत असेल तर त्यावरून वाद घालू नका. मूठभर नदीला, बाकी झाडाला. मात्र प्लास्टिकची पिशवी, हार, फोटो पाण्यात सोडू नका. खाली जलूदहून तेच नर्मदेचं पाणी आपल्या नळाला येतं.

आता दाहाचं, कारण खरी बचत झाडापाशी होत नाही, चितेपाशी होते. उघड्या चितेला साधारण ४०० किलो किंवा जास्त लाकूड लागतं. दिल्लीच्या मोक्षदा संस्थेने १९९० च्या दशकापासून जी लोखंडी जाळीची, वर धुराडं असलेली चिता चालवली, तिच्यात १५० ते २०० किलोत काम होतं, कारण खालून हवा खेळते आणि उष्णता बाहेर वाया जात नाही. आपल्याकडे गोकाष्ठ मिळतं, शेणाचे यंत्रातून काढलेले, मधे भोक असलेले ओंडके. ३ ते ४ क्विंटल धर. ओंडका मोडून आतला भाग बघ. आत ओल असेल तर नुसता धूर होतो, आणि पावसाळ्यात ती असतेच. अर्धवट जळलेल्या चितेइतकं घरच्यांना छळणारं दुसरं काही नाही, म्हणून तळाला थोडं सुकं लाकूड घ्यावंच. दुसरं, लाकडाची राख शेकडा १-२ असते, शेणाची १५ ते २५. म्हणजे ३०० किलो गोकाष्ठाची राख ४५ किलोच्या वर भरते. सगळी झाडाखाली ओतायची नाही, हाडं तेवढी वेचून घ्यायची.

झाडाच्या दृष्टीने विद्युत दाहिनी सर्वांत सोयीची, कारण अस्थी निखळ मिळतात. घरातून निघण्याआधी मुक्तिधामात फोन करून ती चालू आहे ना, हे विचारून घ्या. नायलॉनची साडी, थर्माकोल, रॉकेल यांतलं काही नको. सुती लुगडं नेसवा. आणि काकूंचा पेसमेकर दाहाआधी काढून घेतलाच पाहिजे, त्याची बॅटरी उष्णतेने फुटते. हे काम डॉक्टरांचं, तेव्हा दादांना आजच सांगून ठेव.

अख्खा देहच झाडाखाली पुरावा का, हेही तू विचारलंस. लिंगायत, गोसावी यांच्यात पुरण्याची चाल आहेच. पण त्याला नोंदलेली जागा लागते. शिवाय चिकण मातीत पाणी धरलं की हवा मिळत नाही, देहाची माती न होता मेणासारखा थर बनतो. तुमची विहीरही जवळ आहे, आणि इंग्लंडमधला दंडक पिण्याच्या पाण्यापासून २५० मीटरचा आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचं खत करायला परवानगी दिली. लाकडाचा भुसा, पेंढा, लसूणघास यांत देह ठेवतात, आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं, काही आठवड्यांत माती होते. पद्धत मला मनापासून आवडते, पण ती तिकडे.

काकूंना नेत्रदान करायचं असेल तर या कशालाच आड येत नाही. ६ तासांच्या आत, पंखा बंद, पापण्या मिटून वर ओला कापूस, डोक्याखाली उशी. देहदान केलं तर मात्र अस्थी मिळायच्या नाहीत, हे त्यांना आधी सांग. मुक्तिधामाची पावती जपून ठेवा, मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी लागते.

मे महिन्यात येशील तेव्हा आपण शेतावर जाऊन जागा ठरवू. निंब की करंज, हे काकूंना विचारून लगेच कळव, म्हणजे रोप हाताने निवडून ठेवतो. त्यांना माझा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा,
विनायक