सूचना : बाहेरच्या लाकडी दरवाजांचे पॉलिश

सर्व सभासदांसाठी,

जुन्या पॉलिशच्या पोपड्यांवर नवा हात (थर) मारू नये, तोही लवकरच सुटतो. आधी 80, मग 120, शेवटी 180 नंबरचा पॉलिश पेपर, तोही लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच. करडा थर जाऊन लाकडाचा मूळ रंग दिसेपर्यंत घासा. रंग फार जुना असेल तर त्यात शिसे असू शकते. असा रंग कोरडा घासू नका.

व्हार्निश बाहेरच्या वापराचेच घ्या. दरवाजा बिजागऱ्यांवरून उतरवाच (कंटाळवाणे आहे, मान्य!), कारण खालची कड बहुतेक जण कोरी सोडतात आणि पाणी नेमके तिथूनच चढते. भर उन्हात हात दिला तर बुडबुडे येतात.

जवसाचे तेल वापरले असेल तर त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नका, आपोआप पेटतो. मोकळ्या जागी पसरून वाळवा.